तिसरं गाव शोधू नका

प्रश्न : सप्रेम नमस्कार. या सुट्टीत लांबच्या प्रवासाला रजा मिळणार नव्हती, म्हणून मी एक बेत केला. एक रविवार आड सकाळी निघायचं, एखादं छोटं गाव बघायचं आणि रात्री घरी यायचं. बरोबर नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. पहिलं गाव दोन तासांवर होतं. मुलगा वाटेत दोनदा ओकला. साडेअकराला पोचलो तर तिथलं वस्तुसंग्रहालय बंद. मुलीने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं, "इथे बघण्यासारखं आहे तरी काय?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरं गाव जवळचं निवडलं, पाऊण तासावरचं, आणि नऊ ठिकाणांची यादी करून नेली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "मी गाडीतच बसते, तुम्ही या फिरून." तासाभराने परतलो तर त्यांना भोवळ आली होती, अंग घामाने भिजलेलं. पाणी देऊन, वारा घालून बरं वाटलं, पण येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. यादीतली पाच ठिकाणं राहूनच गेली. नवरा म्हणतो, हौस पुरे झाली. मुलगी म्हणते, पुढच्या वेळी मी येणारच नाही. तिसरं गाव कुठलं निवडू, की हा नादच सोडून देऊ? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : नाद सोडू नका. तिसरं गावही निवडू नका. त्या दुसऱ्याच गावात परत जा, जिथे सासूबाईंना भोवळ आली आणि पाच ठिकाणं राहिली. का, ते सांगते. पण आधी सासूबाईंचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती तीन-चार वाक्यांत उरकली आहे.

उन्हाळ्यात उभ्या गाडीत कुणालाही बसवून जायचं नाही. "मी बसते" असं त्या स्वतः म्हणाल्या तरी नाही. सावलीत गाडी लावली तरी नाही. सावली सरकते आणि आपल्याला परतायला नेहमी उशीर होतो. कॅलिफोर्नियातल्या काही डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान मोजलं आणि २००५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरची हवा अगदी सौम्य असलेल्या दिवसांपासून कडक उन्हाच्या दिवसांपर्यंत सगळीकडे प्रकार एकच होता: तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. तुम्ही तासाभराने परतलात. त्या दिवशी भोवळीवर निभावलं, हे तुमचं नशीब समजा.

शिवाय वय वाढलं की तहान लागल्याची जाणीव मंदावते, घामही तरुणांइतका सुटत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवतात, त्यामुळे अंगातलं पाणी आणखी कमी होतं. म्हणून "तहान लागली की सांगा" हे वाक्य सासूबाईंच्या बाबतीत कामाचं नाही. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की उन्हाच्या दिवशी पाणी किती, मीठ किती आणि गोळ्यांच्या वेळा कशा ठेवायच्या. गोळी आपल्या मनाने चुकवू नका. लघवीला कुठे जायचं या धास्तीने घरातली वडीलधारी माणसं प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत. हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्हीच ओळखायचं. त्यामुळे गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून त्यांना तसं सांगणं.

भोवळ, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम ही उन्हाने थकल्याची लक्षणं. अशा वेळी माणसाला सावलीत आडवं करायचं, पाय थोडे वर घ्यायचे, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालायचा आणि घोट घोट पाणी द्यायचं. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर गाठायचे. बोलणं असंबद्ध होऊ लागलं, ओळख पटेना, चालताना तोल जाऊ लागला तर मात्र तो उष्माघात समजायचा. त्यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. लगेच रुग्णवाहिका बोलवायची, ती येईपर्यंत गार पाण्याने अंग भिजवत राहायचं, आणि शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. छोट्या गावाला निघताना सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठे आहे आणि ते रविवारी चालू असतं का, हे आदल्या रात्री बघून ठेवा. नऊ ठिकाणांच्या यादीत हे दहावं नव्हतं, याची मला जवळपास खात्री आहे.

आता त्यांच्या गुडघ्यांचं. बैठक गाडीत नको, गावात हवी: वाचनालयाची ओसरी, चौकातल्या मोठ्या झाडाखालचा बाक, जुन्या दगडी इमारतीचं दालन, जिथे बाहेरच्या माणसाला निवांत बसता येईल अशी कुठलीही जागा. जाड दगडी भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून अशा वास्तू भर दुपारीही गार असतात. सासूबाईंना तिथे बसवायचं, बरोबर घरातलं कुणीतरी एक आळीपाळीने ठेवायचं आणि बाकीच्यांनी पाऊण-पाऊण तासाने त्यांच्याकडे परत यायचं. त्यांना मागे ठेवलं, असं मनात आणू नका. फिरणाऱ्या पाहुण्याला लोक फार तर रस्ता सांगतात, बसलेल्या म्हाताऱ्या बाईशी ते गप्पा मारतात. तुम्ही चार गल्ल्या हिंडून याल तेवढ्यात त्यांना समोरचं बंद घर कुणाचं, नदीला शेवटचा पूर कधी आला आणि जुना बाजार कुठे भरायचा, हे कळलेलं असेल.

तर मग त्याच गावात परत का जायचं?

तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री द ब्रॅक्टन नावाचे कायदेपंडित होऊन गेले. नवा बाजार जुन्या बाजाराच्या किती जवळ भरवला तर तो जुन्याला उपद्रव ठरतो, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांचा हिशेब असा: माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्या दिवसाचे तीन भाग करा. एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला आणि एक उजेड असेतोवर घरी परतायला. वीस मैलांचा तिसरा हिस्सा म्हणजे पावणेसात मैलांच्या आत-बाहेर, साधारण पावणेअकरा किलोमीटर. त्याच्या आत दुसरा बाजार नको. पुढे १९३३ मध्ये वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतल्या गावांच्या मांडणीचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्याही विचाराच्या मुळाशी हेच होतं की माणूस एखाद्या वस्तूसाठी किती लांब जायला तयार असतो. जुनी बाजारपेठेची छोटी गावं बऱ्याचदा अशीच घडली आहेत: सकाळी यायचं, काम करायचं, दिवे लागणीला घरी. एका दिवसाची सहल ही या गावांची जुनी सवयच आहे. आपण मात्र तिथे शहर बघायला जावं तसे जातो.

मोठी शहरं पाहुण्यासाठी तयारी करून बसलेली असतात. पाट्या असतात, तिकिटं असतात, बघायच्या जागांचे नकाशे असतात. छोटं गाव आपल्या कामात असतं. त्याने तुमच्यासाठी काही मांडून ठेवलेलं नसतं, म्हणून एका फेरीत ते "दिसत" नाही. पहिल्या फेरीत फक्त रस्ते कळतात. दुसऱ्यात सावली कुठे आहे ते कळतं, कुठला कोपरा सकाळी गजबजलेला असतो आणि कुठला संध्याकाळी. तिसऱ्यात कुणीतरी मुलाला ओळखतं. आकाराने ते एवढंसं असतं की अर्ध्या-पाऊण तासात या टोकाहून त्या टोकाला चालत जाता येतं, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात सबंध मावेल एवढी जागा जगात फारशी नसते. हे सोडून दर वेळी नवं गाव घेतलंत तर पहिलीच, सगळ्यात कंटाळवाणी फेरी तुम्ही पुन्हा पुन्हा करत राहाल.

नऊ ठिकाणांची यादी फाडून टाका. बाजारातून आणायच्या सामानावर खुणा कराव्यात तशा गावावर खुणा करत गेलात, म्हणून राहिलेल्या पाचांची रुखरुख तुम्हाला आहे. त्या दिवशी पाहिलेल्या चारांपैकी एकाचंही नाव तुमच्या पत्रात नाही. संग्रहालयांत माणूस का थकतो हे १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बेंजामिन गिलमन यांनी फोटो काढून दाखवलं होतं: वाकून, मान वळवून, टाचा उंचावून बघावं लागतं, आणि मग थोड्या वेळाने माणूस नुसता कपाटांसमोरून चालत राहतो. त्यांनी या प्रकाराला संग्रहालयातला थकवा म्हटलं. तुमच्या घरच्यांना तो उघड्या रस्त्यावर आला आहे.

यादीच्या जागी प्रत्येक फेरीला एक प्रश्न न्या. पहिला प्रश्न मी देते: हे गाव इथेच का? दोन किलोमीटर अलीकडे का नाही, पलीकडे का नाही? उत्तर बहुतेक वेळा पाण्यात किंवा रस्त्यात सापडतं. नदी जिथे उथळ होती, पायी ओलांडता यायची, तिथे वाटा एकत्र आल्या आणि वस्ती झाली. किंवा दोन रस्ते एकमेकांना छेदत होते. किंवा टेकडीच्या पायथ्याशी झरा होता आणि वरून आसपासच्या मुलखावर नजर ठेवता यायची. पोचल्यावर आधी उंचावर जा, गच्चीवर म्हणा, टेकाडावर म्हणा, आणि सगळ्यांनी मिळून बघा. जुना भाग लगेच ओळखू येतो: घरं खेटून, गल्ल्या वाकड्या. नव्या भागात रस्ते सरळ आणि घरांमध्ये अंतर. मग रेल्वे स्टेशन असेल तर ते कुठे आहे ते शोधा. कित्येक छोट्या गावांत ते गावाबाहेर असतं, कारण रुळांना सपाटी लागते, फार चढ चालत नाही, आणि भर वस्तीतली जमीन महाग पडते. मग जुन्या चौकापासून स्टेशनपर्यंत जो रस्ता गेला त्यावर दुकानं वाढली. पुढे बाहेरून वळणरस्ता झाला की तिथे नवी दुकानं आणि जुन्या पेठेत बंद फळ्या. हा सगळा इतिहास तिकीट न काढता, रस्त्यातून चालता चालता वाचता येतो. दारांवरच्या दगडांत कोरलेली सालं, पुलावरची पाटी, शाळेच्या कमानीवरचा आकडा: सगळ्यात जुनं साल कोण शोधतो, अशी पैज लावली तर सहा वर्षांचा मुलगाही आकडे वाचत सुटेल.

मुलासाठी आणखी एक. केविन लिंच नावाचे अमेरिकी नगररचनाकार लोकांना आपापल्या शहराचे नकाशे आठवणीतून काढायला सांगत. १९६० मध्ये त्यांनी मांडलं की माणसाच्या मनातलं शहर पाच गोष्टींनी बनतं: रस्ते, कडा (म्हणजे एखादा भाग जिथे संपतो त्या हद्दी), वेगवेगळे भाग, लोक जमतात ते चौक आणि दुरून ओळखू येणाऱ्या खुणा. घरी परतल्यावर त्याला एक मोठा कागद द्या आणि गाव काढायला सांगा. काही सुचवू नका, चुका दुरुस्त करू नका. नदी म्हणजे कड, पाण्याची टाकी म्हणजे खूण, हे त्याला न शिकवता त्याच्या कागदावर येईल. पहिल्या फेरीत कुत्रं झोपलेला एक कट्टा आणि पाण्याचा नळ एवढंच आलं तरी चालेल. पुढच्या फेरीला तोच कागद बरोबर न्यायचा आणि त्यात भर घालायची.

त्याच्या ओकाऱ्यांचं म्हणाल तर साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. कानाला हालचाल कळते, पण डोळे पुस्तकात किंवा पडद्यात असतात, म्हणून मेंदू गोंधळतो. पाऊण तासाच्या प्रवासात त्याच्या हातात फोन देऊ नका, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको, खिडकीतून वारा येऊ द्या. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना औषध विचारा.

मुलीशी तुमचं भांडण फोनवरून आहे, असं दिसतं. फोन काढून घेऊ नका, फोनलाच कामाला लावा. ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांना खुला असलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तो कुणी कंपनी बनवत नाही, साधी माणसं बनवतात, आणि म्हणूनच मोठ्या शहरांत तो गच्च भरलेला असतो पण छोट्या गावांत पुष्कळ ठिकाणी कोरा असतो. गल्लीचं नाव नसतं, पिण्याच्या पाण्याचा नळ नसतो, बाक नसतो. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक अॅप आहे, अँड्रॉइड फोनवर चालतं; तुम्ही जिथे उभे असाल तिथले छोटे छोटे प्रश्न ते विचारतं. या रस्त्यावर दिवे आहेत का? या बाकाला पाठ आहे का? या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे? उत्तर दिलं की ते नकाशावर चढतं. खातं तुमच्या नावाने उघडा आणि काम तिच्यावर सोपवा. "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारणाऱ्या मुलीला तिच्या आजीसाठी सावलीतले, पाठ असलेले बाक नकाशावर नोंदवायला सांगा. या वयात मुलांना दाखवलेल्या गोष्टी आवडत नाहीत, पण आपल्यावाचून अडतं अशा कामाला ती नाही म्हणत नाहीत. फक्त दोन पथ्यं तिला नीट समजावा: लोकांच्या घरादारांचे, मुलांचे, माणसांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, आणि कुणाची खासगी माहिती नकाशावर टाकायची नाही. आपण तिथे पाहुणे आहोत. कुणाचं अंगण हे आपल्यासाठी प्रेक्षणीय स्थळ नाही.

वेळेचं गणित मात्र तुम्हाला पूर्ण बदलावं लागेल. साडेअकराला पोचणं म्हणजे उन्हाच्या तोंडात जाणं. आकाशात सूर्य माथ्यावर येतो बाराच्या आसपास, पण हवा सगळ्यात तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी, कारण जमीन आधी तापते आणि मग हवेला तापवते. तेव्हा उजाडताना निघा. छोट्या गावाची खरी वर्दळ सकाळीच असते, त्यामुळे तुमचा दुहेरी फायदा आहे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कातडी भाजण्याइतकं तीव्र झालं, ही खूण मुलांना शिकवा आणि तशी ती दिसली की सगळ्यांनी सासूबाईंच्या गार जागेत यायचं. दुपारचा पहिला प्रहर तिथे काढून, तापल्या रस्त्यावर आणखी फिरायचा मोह टाळून घरी. रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. पुढची फेरी हवं तर उलटी करा: ऊन कललं की निघायचं आणि गाव दिवे लागताना बघायचं. तेच गाव ओळखू येत नाही, इतकं वेगळं दिसतं.

सावलीत बसल्या बसल्या एक उद्योग करता येतो. एक काठी उन्हात सरळ उभी रोवा, किंवा जागेवर असलेला एखादा खांब घ्या. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी मुलाने पळत जाऊन सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि परत सावलीत यायचं. सावली ज्या क्षणी सगळ्यात लहान असेल तो त्या गावाचा स्वतःचा मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले असतीलच असं नाही, आणि मुलीला तो फरक का येतो ते शोधायला सांगता येईल. पूर्वी प्रत्येक गावाचे बारा वेगळे असायचे. एक अंश पूर्व-पश्चिम सरकलं की चार मिनिटांचा फरक. घोड्यावरून जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. रेल्वेचं वेळापत्रक आलं तेव्हा पंचाईत झाली. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली आणि हळूहळू गावोगावच्या वेळा मोडीत निघाल्या. तुमच्या गावात मनोऱ्याचं घड्याळ असलं तर हे तिथेच उभं राहून सांगा. ते बंद पडलेलं असलं तर जास्तच मजा.

संग्रहालय बंद मिळालं त्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका, पण आदल्या दिवशी फोन करत जा. छोट्या ठिकाणी फलकावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांचं नातं किल्ली ज्याच्याकडे असते त्या माणसावर अवलंबून असतं. फोन केला की तो माणूस तुमची वाट बघतो, आणि कधी कधी स्वतःच सगळं दाखवतो. बाजाराचा दिवस कुठला तेही त्यालाच विचारा. शक्य असेल तर एक फेरी बाजाराच्या दिवशी ठेवा, रविवारचा हट्ट सोडून.

आता तुमच्या नवऱ्याचं, आणि जरा तुमचंही. पत्रात "मी एक बेत केला", "गाव निवडलं", "यादी करून नेली" असंच आहे, सगळं तुमचं. बाकी चौघं तुमच्या सहलीला आले होते. सहल फसली की ती तुमची फसली, आणि कंटाळण्याची मुभा मात्र त्यांना राहिली. तेव्हा पुढची फेरी नवऱ्याकडे द्या. पूर्ण द्या. किती वाजता निघायचं, काय बरोबर घ्यायचं, कुठला प्रश्न घेऊन हिंडायचं, सगळं त्याने ठरवायचं. पाण्याच्या बाटल्या आणि सासूबाईंची गोळी या दोन गोष्टी सोडून तुम्ही मध्ये बोलायचं नाही. त्याच्या बेतात गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानासमोर तासभर उभं राहणं असलं तरी उभं राहा. त्यानंतरची फेरी मुलीची, मग सासूबाईंची. सासूबाईंची फेरी बहुतेक सगळ्यात चांगली होईल, कारण तोवर त्यांची तिथे ओळख झालेली असेल.

आणि परतायची वेळ आधीच ठरवून घ्या, कुणी कंटाळायच्या आतली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना एकदा मिनिटभर १४ अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावलं. दुसऱ्यांदा तेवढंच मिनिट आणि वर आणखी अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी जेमतेम अंशभर कोमट केलं. यातला कुठला त्रास पुन्हा घ्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा निवडला, केवळ शेवट जरा बरा होता म्हणून. गोष्ट किती वेळ चालली हे माणूस विसरतो. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट लक्षात राहतो. तुमच्या दोन्ही सहलींचा शेवट कसा झाला ते आठवा. राहिलेलं एखादं ठिकाण "जाता जाता" उरकणं, उन्हात उभं राहून घासाघीस करणं, थकलेल्या मुलाला आणखी एक पायरी चढवणं, हे सगळं शेवटच्या तासातून काढून टाका. तिथे ज्याला जे आवडलं त्या जागी दुसऱ्यांदा जाऊन या. मुलाला तो नळ आवडला असेल तर नळाकडे.

राहिला तुमच्या मुलीचा धमकीवजा निरोप. ती खरंच येत नाही म्हणाली तर तिला एका फेरीला घरी राहू द्या, जबाबदार मोठं माणूस सोबत असेल अशी व्यवस्था करून. आमिष दाखवू नका, रुसू नका, परत आल्यावर "किती मजा आली" असं ऐकवूही नका. नकाशाचं काम मात्र तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुम्ही निघण्याआधी तिने विचारलं की बाकांची नोंद कोण करणार, तर "तुझी वाट बघतील" एवढंच सांगा. त्याही पुढच्या फेरीला ती आली नाही, तर तेरा वर्षांच्या मुलीला रविवारी सकाळी झोप हवी आहे असं समजा आणि तिच्या वाट्याला संध्याकाळची फेरी ठेवा.